बिल एव्हान्स यांच्या अखेरच्या वर्षांतील वादनाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. जाझ पियानोवादक बिल एव्हान्स यांचे १९६१ मधील न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबमधील वादन मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. डाव्या हाताच्या कॉर्डमधून (एकत्र वाजवलेल्या स्वरसमूहातून) त्याचा पायाभूत मूळ स्वर गाळून ती जागा बासवादक स्कॉट लाफारो यांच्यासाठी मोकळी ठेवण्याची त्यांची रीत मला आजही थक्क करते. अलीकडे १९७९ च्या पॅरिस मैफलीतील ‘नार्डिस’ ही रचना ऐकली आणि तिच्या आरंभीच्या प्रदीर्घ एकल वादनाने मी अक्षरशः हादरलो, कारण जुन्या हळुवारपणाच्या जागी तिथे विलक्षण अधीरता आहे. बासवादक मार्क जॉन्सन आणि ड्रमवादक जो लाबार्बेरा यांच्यासोबतची, एव्हान्स यांच्या सप्टेंबर १९८० मधील निधनापूर्वीची आणखी कोणती ध्वनिमुद्रणे आवर्जून ऐकावीत? ही अधीरता नेमकी कशातून येते, लयीतून की स्वररचनेतून, हेही जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.