[मंडळ-पालक] एपी लिटसाठी उन्हाळ्यात नेमकं काय करायचं?

प्रेषक: एक आई, एडिसन
२४ जून, रात्री ११:४०

सप्रेम नमस्कार मंडळी,

शाळेला सुट्टी लागून चार दिवस होत नाहीत, तोच घरात वादाला तोंड फुटलंय. लेक सप्टेंबरात बारावीत जाईल. तिने एपी लिट (इंग्रजी साहित्याचा, हायस्कुलातच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) घेतलंय आणि शाळेने उन्हाळ्यासाठी दोन पुस्तकं लावलीत. एक मेरी शेलीची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाइन', दुसरं त्यांच्या यादीतून आपल्या आवडीचं. शिवाय वहीचं पान उभं दुमडून डावीकडे पुस्तकातलं वाक्य आणि उजवीकडे 'स्वतःचा प्रतिसाद', अशा वीस नोंदी करायच्या.

आम्ही दोघंही इंजिनियर. कॅल्क्युलसला अडलं की शिकवायला दोघं एकदम धावतो आणि आपसात भांडतो. इथे मात्र दोघांचीही दातखीळ. गेल्या वर्षी तिचं एपी लँग (इंग्रजी भाषा) झालं, तेव्हा लिट म्हणजे त्याचाच पुढचा भाग असं मी धरून चालले होते. "आई, काहीही!" एवढंच उत्तर मिळालं.

इथल्या एका क्लासने आठ आठवड्यांचे बाराशे डॉलर सांगितलेत. भरावेत का? आणि आम्ही आईबाप यात काही करू शकतो, की नुसतं गाडी चालवायची आणि डबा द्यायचा?

---

प्रेषक: एक बाबा, प्लेन्सबरो
२५ जून, सकाळी ७:०५

ताई, आमच्या मोठ्याचं दोन वर्षांपूर्वी झालं. क्लास लावला नाही, पण उन्हाळाभर शिस्त ठेवली. साहित्यातल्या पारिभाषिक शब्दांची चारशे कार्डं, रोज वीस. बाजारातली तीन गाईडं. जुलैपासून दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षा. आणि नामांकित कादंबऱ्यांची यादी करून त्यातल्या अठरा संपवल्या. शेवटच्या काही 'सारांश' वाचून, पण संपवल्या. ५ पैकी ४ आले. एक्सेल शीट हवी असेल तर पाठवतो.

---

प्रेषक: मंडळाची एक शिक्षिका-सभासद
२५ जून, रात्री ९:५२

नमस्कार,

मी इथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते, गेली काही वर्षं एपी लिटही. प्लेन्सबरोचे दादा, रागावू नका, पण तुमच्या लेकाला ४ मिळाले ते त्या शीटमुळे नव्हे, शीट असूनही मिळाले असं मला वाटतं. (तो माझ्या मागच्या रांगेत बसून नाटकाच्या तालमीत काय काय टिपण्या करायचा ते आठवा. पोरगं बघत होतं, ऐकत होतं.)

आधी लँग आणि लिटमधला फरक. लँगमध्ये भाषण, लेख, पत्र असा मजकूर असतो आणि लिहिणारा समोरच्याला कसं पटवतो ते बघायचं असतं. लिटमध्ये कथा, कविता, कादंबरी, नाटक. मे महिन्यातली परीक्षा तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के वजन. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध, त्यांना ५५ टक्के. पहिला निबंध दिलेल्या कवितेवर, दुसरा दिलेल्या गद्य उताऱ्यावर, तिसरा विद्यार्थ्याने स्वतः वाचलेल्या एखाद्या कादंबरीवर किंवा नाटकावर. २०२५ पासून सगळं लॅपटॉपवर, ब्लूबुक अ‍ॅपमध्ये टाइप करायचं. कविता आणि उतारा तिथेच छापलेले असतात, त्यामुळे पाठांतराला तिथे काडीची किंमत नाही. ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड अमुक पुस्तकं वाचलीच पाहिजेत अशी सक्तीही करत नाही.

आता खरी गोम. प्रत्येक निबंध ६ गुणांचा. त्यातला १ गुण ठाम मुद्दा मांडल्याचा. १ गुण जरा वरच्या दर्जाच्या समजेचा, तो फार थोड्यांना मिळतो, त्याच्यामागे लागू नये. मधले ४ गुण पुरावा आणि त्यावरचं भाष्य यांचे. सगळी लढाई या चारांवर. आणि चारशे कार्डं पाठ केलेली मुलं नेमकी इथेच आपटतात. 'इथे कवीने प्रतिमा वापरली आहे' असं लिहून मोकळी होतात. अरे, वापरली ते मलाही दिसतंय! त्या प्रतिमेने काय साधलं ते सांग ना.

ताई, तुम्ही महाराष्ट्रात शिकला असाल तर हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. मराठीच्या पेपरात 'रसग्रहण करा' असायचं. कवितेतलं सौंदर्य उलगडून दाखवायचं. आपण तिथेही 'कवीने सुंदर उपमा योजली आहे' असंच ठोकून द्यायचो आणि बाई लाल पेनने बाजूला लिहायच्या, 'कशावरून?' तो लाल शेरा म्हणजे एपी लिट.

तेव्हा तुमचं काम एवढंच. लेक जेवताना पुस्तकाबद्दल काही बोलली की एकदा विचारायचं, "कशावरून?" तिने वाक्य दाखवलं की दुसऱ्यांदा विचारायचं, "बरं, मग?" पहिल्याचं उत्तर म्हणजे पुरावा, दुसऱ्याचं भाष्य. याला साहित्याची पदवी लागत नाही. उलट तुम्हाला पुस्तक माहीत नाही हे बरंच आहे. तिला नीट सांगावं लागेल.

अठरा पुस्तकं नकोत. शाळेने दिलेली दोनच, पण पेन्सिल हातात घेऊन, आणि 'फ्रँकेन्स्टाइन' जमल्यास दोनदा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा ती कोण कोणाला सांगतंय त्यासाठी. जहाजाचा कप्तान बहिणीला पत्रं लिहितोय, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली कहाणी सांगतोय, आणि त्या कहाणीच्या पोटात त्याने घडवलेला प्राणी आपली. पंचतंत्र ऐकत वाढलेल्या पोरांना हे लवकर कळायला हवं खरं तर.

आणि रोज एक कविता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर 'पोएट्री १८०' नावाचा उपक्रम आहे, शाळेच्या प्रत्येक दिवसासाठी एक अशा १८० कविता, हायस्कूलच्या मुलांसाठी निवडलेल्या. मोठ्याने वाचायची, बास. चिरफाड करायची नाही.

सराव परीक्षा मार्चमध्ये. बाराशे डॉलर तूर्त खिशातच असू द्या. कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न, मुलांनी लिहिलेली नमुना उत्तरं आणि कोणाला किती गुण का दिले याची टिपणं फुकट आहेत. ऑगस्टमध्ये त्यातलं एक उत्तर तिला वाचायला द्या आणि गुण तिला द्यायला सांगा. मुलं भयंकर कडक परीक्षक असतात.

---

प्रेषक: एक काका, पार्सिपनी
२६ जून, सकाळी ६:१५

मंडळी,

निवृत्त माणसाला पहाटेच मेल सुचते, क्षमस्व. पुण्यात एफवायला असताना मूळ कादंबरी हातात न धरता, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या जोरावर मी इंग्रजीत ६१ गुण मिळवले होते. ती कादंबरी मी पुढे वयाच्या ५८ व्या वर्षी वाचली. गाईडात सांगितलेली गोष्ट वेगळीच होती हो.

एक भर घालतो. 'फ्रँकेन्स्टाइन' हे पुस्तकच एका बुडालेल्या उन्हाळ्यातलं आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या धुळीने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, त्यातून हे निघालं. मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांची. एडिसनच्या ताई, लेकीला हे जरूर सांगा. हिच्याच वयाच्या मुलीचा सुट्टीतला उद्योग आहे तो.

---

प्रेषक: एक आई, एडिसन
१३ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, मध्यंतरीचा अहवाल.

पहिला आठवडा फुकट गेला. मी लायब्ररीतून प्रत आणली, हिच्या मैत्रिणीकडे शाळेची. दोघी फोनवर बोलतायत आणि काही जुळेचना. "अकराव्या प्रकरणात" म्हणते मैत्रीण, तर आमच्या पुस्तकात अकरावं प्रकरणच नाही! तीन खंड, आणि प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा एकपासून. मला वाटलं पानं गळाली.

दुसरं म्हणजे 'कशावरून'. पहिल्या दिवशी ती वैतागून ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, तर त्याला उत्तर दिलं. (याचं रसग्रहण मी नंतर करीन.) काल मात्र मजा आली. तो प्राणी एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून त्या घरातल्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. सुरुवातीला शिकलेले शब्द चार: विस्तव, दूध, भाकरी, लाकूड. म्हणजे ब्रेड, पण आमच्याकडे जेवणात भाकरी होती म्हणून तीही भाकरीच म्हणाली.

लेक म्हणाली, "ही इज लोन्ली." मी विचारलं, कशावरून? तर ते चार शब्द दाखवले. बरं, मग? यावर पाचेक मिनिटं नुसती भाकरी चिवडली. मग म्हणाली, "हे चारही शब्द स्वयंपाकघरातले आहेत आणि तो स्वयंपाकघराच्या बाहेर आहे."

मी गप्पच झाले. या देशात आल्यावर मला पहिल्यांदा बाहेर ऐकून कळलेले शब्द 'हाफ अँड हाफ' (कॉफीत घालायचं अर्धं दूध, अर्धी साय) होते. कॉफीच्या दुकानात रांगेत पुढच्या बाईने म्हटलेले. अर्थ न कळता मीही तेच मागितलं. हे तिला सांगितलं तर आधी पोट धरून हसली, आणि मग उठून वहीत काहीतरी लिहून आली. उजव्या बाजूला. मला दाखवलं नाही.

---

प्रेषक: मंडळाची एक शिक्षिका-सभासद
१४ जुलै, दुपारी ४:३१

ताई, त्या वाक्यावर मी चारांपैकी तीन तरी दिले असते. चौथ्यासाठी तिने त्याच भागातलं पुढचं बघावं: आपण चोरून खातोय म्हणून ही माणसं उपाशी राहतात हे कळल्यावर तो अन्न चोरणं थांबवतो आणि रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. चार शब्दांतला एक शब्द तो त्यांना परत देतो. पण हे तुम्ही सांगू नका, तिलाच सापडू दे.

प्रकरणांचा घोळ माझीच चूक, आधी सांगायला हवं होतं. १८१८ ची पहिली आवृत्ती (लेखिकेच्या नावाशिवाय निघाली होती) तीन खंडांची. १८३१ ची लेखिकेने स्वतः सुधारलेली, तिच्यात सलग २४ प्रकरणं. शाळेची ती दिसतेय. भाषा शिकण्याचा भाग तुमच्याकडे दुसऱ्या खंडातलं चौथं प्रकरण, मैत्रिणीकडे बारावं. नुसते आकडेच बदलले असंही नाही. १८१८ मध्ये एलिझाबेथ ही व्हिक्टरची आत्येबहीण, १८३१ मध्ये दत्तक घेतलेली परकी पोर. वर्गात कोणती लागते ते विचारून घ्या, पण दोन्ही घरात असतील तर सोन्याहून पिवळं. एकाच लेखिकेने तेरा वर्षांनी काय बदललं आणि का, यावर दोघी मैत्रिणी तासभर भांडू शकतील.

---

प्रेषक: युवा गटातला एक माजी विद्यार्थी, सध्या कॉलेजात
१४ जुलै, रात्री ११:५८

काकू, आईने फॉरवर्ड केलं म्हणून लिहितोय, शुद्धलेखन चुकलं तर सॉरी.

तिसऱ्या निबंधासाठी एक टिप. प्रश्नाखाली पुस्तकांची लांब यादी येते, ती बघून घाबरायचं नाही. यादीबाहेरचं योग्य पुस्तकही चालतं. मी चार पुस्तकं पक्की ठेवली होती. प्रत्येकाचं एक इंडेक्स कार्ड, पण त्यावर स्टोरी लिहायची नाही, स्टोरी लक्षात राहतेच. पाच छोटे सीन लिहायचे. कोण, कुठे उभा होता, हातात काय होतं. परीक्षेत मला थीम आठवली नाही, हातातली वस्तू आठवली, त्यातून निबंध निघाला.

आणि ३ आले तर क्रेडिट (कॉलेजात तो विषय आधीच झाल्याचं धरणं) मिळेलच असं नाही, प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. अप्लाय करताना बघून घ्या. मला ४ आले. प्लेन्सबरोचा तो मोठा म्हणजे मीच. बाबा, सॉरी, ती चारशे कार्डं मी बेसमेंटमध्ये ठेवली होती, अजून सील फोडलेलं नाही.

---

प्रेषक: एक बाबा, प्लेन्सबरो
१५ जुलै, सकाळी ७:०२

कार्डं सापडली. सीलबंद. कोणाला हवी असल्यास फुकट.

---

प्रेषक: एक आई, एडिसन
१५ जुलै, सकाळी ८:४५

कार्डं नकोत दादा, पण मुलाला पाठवा. शनिवारी चार वाजता आमच्याकडे पाच मुली जमतायत, 'फ्रँकेन्स्टाइन'चा दुसरा खंड मोठ्याने वाचायला. काकांनी तांबोराची गोष्ट सांगायला यायचं कबूल केलंय. पोहे माझ्याकडे. कोणाकडे १८३१ ची प्रत असेल तर घेऊन या, आमच्याकडे एकच आहे आणि ती मैत्रिणीच्या शाळेची आहे.