निळ्या काठाची खापरं: आधी बूड पाहा

वरच्या एका प्रतिसादात निळ्या काठाच्या सगळ्याच इंग्लिश बश्यांना 'व्हिक्टोरियन' म्हटलंय, ते पटलं नाही. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली. शिंपल्यासारख्या काठाच्या या बश्या त्याआधी साठेक वर्षांपासून इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर या कुंभारकामाच्या परगण्यात बनत होत्या.

खापर हातात आलं की मी नक्षी नंतर बघतो, आधी बूड. तळाच्या गोल कडेच्या आतल्या कोपऱ्यात झिलई साचून जाड झालेली असते आणि तिथेच तिचा खरा रंग कळतो. पिवळसर-हिरवट दिसली तर क्रीमवेअर, म्हणजे मलईच्या रंगाची इंग्लिश मातीची भांडी; निळसर दिसली तर पर्लवेअर, म्हणजे त्यानंतर आलेली, जास्त पांढरी दिसणारी भांडी. पर्लवेअरच्या झिलईत थोडा कोबाल्ट घालत, म्हणून ती निळी छटा. मग काठ. वेडावाकडा, नागमोडी असेल तर साधारण १८१० च्या आधीचा, एकसारख्या पाकळ्यांचा असेल तर १८०० ते १८३० च्या दशकातला, सरळ काठ त्यानंतरचा.

शिक्का मिळाला तर नशीबच! चौकटच्या आकाराचं नोंदणीचिन्ह १८४२ ते १८८३ मधलं. पण ती तारीख नक्षीच्या नोंदणीची, बशी भाजल्याची नव्हे. तीच नक्षी पुढे कितीतरी वर्षं छापली जाई. 'इंग्लंड' हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

आणि कृपा करून एकाच तुकड्यावरून तो सापडलेल्या मातीच्या थराचं वय ठरवू नका. चांगली बशी घरात दोन पिढ्या टिकते.