'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' : पाड्यावर काय म्हणायचं?

सातपुडी
संविधान दिनाआधी आश्रमशाळेच्या भिंतीवर मूलभूत हक्क रंगवायचे आहेत. शाळा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मुलं बहुतेक पावरा, काही तडवी. समता झाली, शोषणाविरुद्धचा हक्क झाला आणि अनुच्छेद २५ वर येऊन अडले. 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' सातवीच्या पोरांना एका दमात वाचता येत नाही, म्हणून फळ्यावर 'धर्मस्वातंत्र्य' लिहिलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्यात धर्म नाही, रीत आहे." त्याच्या वडिलांनीही तेच सांगितलं. इंदल (नवसाची पूजा) करतो, वाघदेव पुजतो, ती रीत. धर्म कोणता हे फक्त फॉर्म भरणारा विचारतो. ज्याला स्वतःचा धर्म सांगायचाच नाही, त्यालाही हा हक्क आपला वाटेल असा शब्द सुचवा.

पांझरेकर
ताई, मूळ शब्द सोडू नका. सत् आणि असत् मिळून सदसत्, त्यांचा विवेक करणारी ती सदसद्विवेकबुद्धी. (बरेच जण 'सद्सद्' लिहितात, ते चूक. भिंतीवर तरी शुद्ध जाऊ द्या.) मुलं 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात ना? मग हेही म्हणतील. आदिवासी मुलांना सोपा शब्द आणि शहरातल्यांना पूर्ण शब्द, हा भेद मला पटत नाही.

रावेरकर
हिंदी संविधानात इथे 'अंतःकरण' आहे. मराठीत ते चालणार नाही, आपल्याकडे अंतःकरण म्हणजे दयामाया. मी 'मनाची ग्वाही' सुचवतो. 'माझं मन ग्वाही देत नाही' हे आमच्याकडे शेतमजूरही म्हणतो, आणि त्यानंतर त्याला कुणी बळजबरी करत नाही.

पांझरेकर
ग्वाही फारसी. गवाह म्हणजे साक्षीदार.

रावेरकर
असू दे की नाना. तीनशे-चारशे वर्षं मराठी माणूस मनाची ग्वाही घेतोय, आता तिला परत कुठे पाठवता? परका शब्द नकोच असेल तर 'मुभा' टाळा. सरकारी माणसं भाषणात सर्रास म्हणतात, 'प्रत्येकाला धर्म पाळण्याची मुभा आहे.' मुभा अरबी 'मुबाह'वरून आली. ज्याची आज्ञा नाही आणि मनाईही नाही असं कृत्य. मुभा देणारा कुणीतरी वर बसलेला असतो. फ्रान्सच्या राजाने १५९८ मध्ये नान्तच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना मुभा दिली, त्याच्या नातवाने १६८५ मध्ये ती काढून घेतली. हक्क असा काढून घेता येत नाही.

रंगावली
मी नवापूरकडची. तुम्ही हक्काला शब्द शोधताय, पण तो हक्क वापरणाऱ्याला गावात काय म्हणतात ते बघा. माझ्या मावशीने धर्म बदलला, तर आजही 'बाटली' म्हणतात. बाटणे म्हणजे विटाळणे. स्वतः विचार करून घेतलेल्या निर्णयाला आपल्या बोलीत घाणेरड्यावाचून क्रियापद नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम १८ मध्ये, धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलं आहे. तो भाग भिंतीवर येणार आहे का?

भुसावळवाला
'नाही' कसं? दीक्षा घेणे. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. आमच्या आजोबांच्या तोंडी 'आम्ही दीक्षा घेतली' हेच असायचं. 'धर्मांतर झालं' म्हटलं की वाटतं, कुणीतरी केलं आणि ते झालं. घेणारा माणूस वाक्यात हवा.

वकील, चाळीसगाव
रंगावली, एक बारकावा. अनुच्छेद २५ मध्ये 'प्रसार' आहे, हिंदीत 'प्रचार'. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही. स्वतः विचार करून बदलणं वेगळं.
सातपुडीताईंच्या प्रश्नाला मात्र १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात उत्तर आहे. धर्म म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे. विधी, पूजेच्या पद्धती, प्रसंगी खाणं आणि पेहरावही त्यात येतो. तुमच्या पोराची रीत कायद्याच्या नजरेत धर्मच आहे. मुलांना उदाहरण द्यायचं तर केरळातल्या त्या तीन भावंडांचं द्या. राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं, १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, ते सातवीतल्या पोराला यावरून लगेच कळेल.

सातपुडी
उदाहरण नक्की घेते, वकीलसाहेब. पण कायद्याने रीतीला धर्म म्हटलं म्हणून तो मुलगा म्हणेल का? २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना क्रमांक होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं. त्याच्या वडिलांना विचारलंच गेलं नाही, गणकाने स्वतःच आकडा टाकला. 'धर्मस्वातंत्र्य' शब्दात मला तोच आकडा दिसतो.

शहादेकर
ताई, आदिवासींना धर्म शब्द परका आहे हे सरसकट नको. तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज १९३० च्या दशकात हजारो भिल्लांना आरतीला जमवत. लोकांनी दारू सोडली, एकमेकांना 'आप' म्हणू लागले. त्याला लोक 'आप धर्म'च म्हणतात. उलट रीत काय आमच्यात नाही? आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट भाऊबंदांतच खायचे, हे कुठल्या पोथीत आहे?

रंगावली
भिंतीवर 'रीत' लिहाल तर मला भीती वाटते. बाईला डाकीण ठरवणं हीसुद्धा रीतच म्हणून सांगतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कशासाठी आला? अनुच्छेद २५ ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून अशी आहे. ते शब्द आधी रंगवा.

शहादेकर
आता डाकीण आणि इंदल एकाच टोपलीत? हा अन्याय आहे.

रंगावली
एकाच टोपलीत मी नाही घातलं भाऊ. 'रीत' हा शब्द घालतो.

भुसावळवाला
आणि ज्याला रीतही नको, देवही नको, त्याचं काय? उद्देशिकेत 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना' असे पाच शब्द आहेत. त्यातला 'विचार' पहिला आहे.

सातपुडी
रंगारी गुरुवारी येतोय. सध्या मजकूर असा केलाय: 'मनाच्या ग्वाहीप्रमाणे धर्म किंवा रीत पाळण्याचं, बदलण्याचं आणि न पाळण्याचं स्वातंत्र्य.' कुणाची हरकत?

पांझरेकर
आहे. संविधानाचं वाक्य आपण बदलू शकत नाही. खाली 'सोप्या शब्दांत' असं तरी लिहा. आणि शाळेच्या भिंतीवर 'बदलण्याचं' नव्हे, 'बदलण्याचे'.

रावेरकर
नाना, पोरं 'बदलण्याचं' बोलतात.