मदत हवी आहे: खापरपणजोबांचं असावं असं जुनं कोरीव चित्र घ्यावं का?

नमस्कार. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. जुन्या छापील चित्रांतलं कळणारं इथे कुणी असेल तर जरा लवकर उत्तर द्या, दुकानदाराने चित्र येत्या शनिवारपर्यंतच धरून ठेवलंय.

आमचे खापरपणजोबा १८७० साली छत्रपती राजाराम महाराजांबरोबर विलायतेला गेले होते, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये महाराज वारले. वय अवघं वीस. अर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला, तिथे आजही त्यांची छत्री उभी आहे. माझी आत्या ८८ वर्षांची आहे, ती त्या नदीला 'अर्णा' म्हणते. तिच्या आजीच्या तोंडून तिने तसंच ऐकलंय. कागद म्हणाल तर घरात एकच आहे, मोडीतला. जाणकाराकडून वाचून घेतला. त्यात खापरपणजोबांचं नाव, 'विलायतेस जाणेबद्दल' एवढे शब्द आणि कापडाचा खर्च, बस्स.

चेहरा मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. देव्हाऱ्यात त्यांचा चांदीचा टाक आहे, पण इतक्या वर्षांच्या अभिषेकाने आणि राखेने घासून घासून नाक-डोळे पार पुसले गेलेत. बोट फिरवलं की पगडीचा उंचवटा तेवढा लागतो. आत्या दर सणाला तो टाक पुसताना म्हणते, "एकदा तोंड बघायला मिळालं असतं."

गेल्या महिन्यात मुंबईच्या एका जुन्या चित्रांच्या दुकानात एक चित्र दिसलं. छातीपर्यंतचा पगडीवाला माणूस, दाट मिशा, कानात भिकबाळी. खाली इंग्रजीत 'मऱ्हाटा सरदार, फोटोवरून' अशा अर्थाची ओळ, नाव नाही. "कोल्हापूरच्या राजाबरोबर लंडनला आलेल्यांपैकी आहे, स्टील एन्ग्रेव्हिंग आहे, चौदा हजार," असं दुकानदार म्हणाला. स्टील एन्ग्रेव्हिंग म्हणजे पोलादी पत्र्यावर कोरून छापलेलं. पुरावा मागितला तर म्हणाला, असंच आलंय माझ्याकडे.

परवा गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराचं भिंग घेऊन पुन्हा मुंबई गाठली आणि तासभर चित्र बघितलं. मला दिसलं ते असं. सगळं चित्र रेघांचं आहे, ठिपके कुठेच नाहीत. कडेने धातूचा पत्रा दाबल्याची खोलगट चौकट नाही. आणि डाव्या खांद्यावरून खालपर्यंत एक केसाएवढी पांढरी रेघ सरळ उतरते, तिच्यापाशी अंगरख्याच्या रेघा किंचित सरकल्यात. पाठीमागे इंग्रजी मजकुराचा अर्धा रकाना आहे, तारीख कापली गेली. त्यात पॅरिसहून फुग्यातून आलेली पत्रं, आणि टूर्सच्या सरकारने काही हुकूम काढल्याचं लिहिलंय. फोटो काढून आणलाय.

मला छळतोय तो भिकबाळीचा प्रश्न. ती उजव्या कानाच्या वरच्या पाळीत घालतात, चित्रात डाव्या कानात आहे. मग हा माणूस मराठी तरी आहे का, की विलायतेतल्या चित्रकाराने अंदाजाने काढलेला कुणीही? चौदा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. पण खरी भीती पैशांची नाही. परक्याचा चेहरा आत्याच्या हातात देऊन "हे बघ तुझे पणजोबा" म्हणायचं पाप नको.

प्रतिसाद

काका, हे स्टील नाही, लाकडी ठशाचं चित्र आहे. ती पांढरी रेघ म्हणजे दोन ठोकळ्यांचा सांधा. हे ठसे बॉक्सवूडचे, त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून लहान ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा करायचे आणि तुकडे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून द्यायचे. सचित्र साप्ताहिकांचं काम असंच चाले. अशी पानं हजारोंनी छापली गेली, म्हणजे चौदा हजार फार होतात. भाव कराच.

तारीख तर तुमच्या मागच्या रकान्यातच आहे! जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा फुग्यांची टपाल २३ सप्टेंबर १८७० ला सुरू झाली आणि टूर्स शहरातून चालणारं फ्रान्सचं सरकार डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोर्डोला हललं. म्हणजे छपाई याच अडीच-तीन महिन्यांतली. महाराज त्याच वर्षी लंडनमध्ये होते, तेव्हा दुकानदाराची गोष्ट अगदीच हवेतली नसावी.

कानाचं म्हणाल तर ठशावर सुलटं काढलेलं कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्याने फोटो आधी उलटवून घेतला नाही तर डावं-उजवं बदलतं, आणि असं खूपदा झालंय. उलट भिकबाळी बरोबर वरच्या पाळीत आहे, त्यावरून समोर खरा माणूस किंवा त्याचा फोटो होता असं मला वाटतं.

नावासाठी दोन वाटा. द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज आणि द ग्राफिक या लंडनच्या सचित्र साप्ताहिकांचे त्या महिन्यांतले अंक स्कॅन झालेत, मागच्या रकान्यातलं एखादं अख्खं वाक्य टाकून शोधा. आणि महाराजांची प्रवासातली रोजनिशी त्यांच्याबरोबर गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, कॅप्टन वेस्टने, १८७२ मध्ये लंडनला छापली, ती वाचा. इथल्या पुरालेखागारातही त्या वर्षाचा खर्च कुणाच्या नावे पडलाय ते विचारा.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. काल रात्री मोबाईलवर फोटो उलटा करून पाहिला. भिकबाळी उजव्या कानात आली आणि अंगावर काटा आला. तसाच आत्याला दाखवला, तुमचं सगळं सांगून. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, घे, पण नाव सापडेपर्यंत देव्हाऱ्याच्या खोलीत लावायचं नाही, सोप्यात लाव. मला पटलं.

दुकानदार साडेसहा हजारांवर आलाय, पैसे पाठवले. सोमवारी पुरालेखागारात जातोय, रोजनिशीही वाचायला घेतली आहे. आता एकच अडचण. कागद कडेला ठिसूळ झालाय, कुरिअरवाले गुंडाळून नळीत घालणार. या आठवड्यात मुंबईहून कोल्हापूरला गाडीने येणारं कुणी असेल तर कळवा. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणायचंय, आकार साधारण वहीच्या पानाएवढा.