मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातला कार्बन कायदा आणि वीजनिर्मितीतल्या उत्सर्जनाची घट

नमस्कार मंडळी,

मेलबर्नमधल्या आमच्या मराठी अभ्यासगटात पुढच्या बैठकीला मी ऑस्ट्रेलियाच्या कार्बन कायद्यावर बोलणार आहे. गटात सरळ दोन तट आहेत, कायद्याच्या बाजूचा आणि विरोधातला. ऊर्जाक्षेत्रात किंवा अर्थशास्त्रात काम करणाऱ्यांनी कृपया मदत करावी.

ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने १ जुलै २०१२ पासून मोठ्या प्रदूषकांना कार्बनच्या टनामागे २३ डॉलर मोजायला लावले. पहिली तीन वर्षं दर सरकारने ठरवायचा, मग उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री बाजारात, अशी आखणी होती. तिथवर गोष्ट गेलीच नाही. 'हा कर काढून टाकतो' असं सांगत विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट २०१३ची निवडणूक जिंकले आणि जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द झाला.

माझी मुख्य अडचण अशी. त्या दोन वर्षांत वीजनिर्मितीतलं उत्सर्जन घटलं, हे दोन्ही तटांना मान्य आहे. भांडण श्रेयावरून आहे. विरोधक म्हणतात, विजेची मागणीच उतरत होती आणि घराघरांवर सौर पॅनल बसत होते. शिवाय कार्बनच्या दरामुळे वीज महाग विकली जात असताना टास्मानियातल्या जलविद्युत कंपनीने धरणांतलं पाणी भरपूर वापरून घेतलं. म्हणजे ती घट पुढच्या वर्षांकडून उसनी आणलेली! या मुद्द्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. मागणी, पाणी आणि कार्बनचा दर यांचे वाटे वेगळे काढणारा अभ्यास कुणी वाचला आहे का? ते वाटे कसे काढतात, हे समजावून दिलंत तर फार उपकार होतील.

दुसरा प्रश्न २००९चा. तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांचं उत्सर्जन-व्यापाराचं (म्हणजे परवान्यांच्या खरेदी-विक्रीचं) विधेयक डिसेंबरमध्ये सेनेटमध्ये पडलं. विरोधी लिबरल पक्षाच्या दोन सेनेटरांनी पक्षादेश झुगारून बाजूने मत दिलं होतं. ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाची पाच मतं मिळाली असती तर विधेयक पार झालं असतं. उत्सर्जन घटवण्याचं उद्दिष्ट फारच तोकडं आणि प्रदूषकांना फुकट परवान्यांची खैरात, हा ग्रीन्सचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही, एकदा उभी राहिलेली व्यवस्था पुढे कडक करता आली असती, असं मला मनापासून वाटतं. याच्या उलट मत असणाऱ्यांनी जरूर लिहा, मला ती बाजूही ताकदीने मांडायची आहे.

कार्बनच्या दरामुळे वाढलेल्या खर्चापोटी लोकांना दिलेल्या भरपाईबद्दल एवढंच: करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर नेली होती, आणि कायदा गेला तरी ती राहिली. वीजबिलावर चिडलेल्या किती जणांना हे माहीत होतं कोण जाणे.

भारतातही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आहे. तिथे मर्यादा एकूण उत्सर्जनावर नसून उत्पादनाच्या टनामागे आहे. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत काम करणारं कुणी इथे असेल तर तिकडे याची तयारी कशी चालली आहे, तेही कळवा.

बैठक महिनाअखेरीस आहे. उत्तर लांबलचक आणि तांत्रिक असलं तरी चालेल.