केमोनेच कॅन्सर पसरतो म्हणे!

लातूरची सुनंदा: गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, "केमो घेऊ नका, केमोनेच कॅन्सर पसरतो, अमेरिकेने सिद्ध केलंय." तो वाचून स्तनाचा कॅन्सर असलेली माझी जाऊ पुढच्या केमोला जायला तयार नाही. म्हणून लिहिते. मेसेजवाले ज्याचा आधार घेतात तो न्यूयॉर्कचा 2017 चा अभ्यास खोटा नाही. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दिलेल्या उंदरांच्या गाठीत, जिथून कॅन्सरच्या पेशी रक्तात शिरतात त्या जागा वाढलेल्या दिसल्या. 20 बायकांच्या गाठीही तपासल्या होत्या. पण केमोमुळे त्या बायका लवकर वारल्या, असं त्यात कुठेही नाही. उलट हजारो बायकांच्या चाचण्या एकत्र करून 2012 मध्ये मांडलं गेलं की केमोने स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. हे कुणी फॉरवर्ड करत नाही!

परंड्याचा पाटील: ताई, अभ्यास खरा म्हणता अन् वर आम्हालाच रागावता. सिएटलचंबी वाचा की, 2012 चंच. प्रोस्टेटच्या गाठीशेजारच्या चांगल्या पेशींना केमोचा मार बसला की त्या डब्ल्यूएनटी-16बी नावाचं प्रोटीन सोडतात, अन् उरलेल्या कॅन्सरला त्याचाच आधार होतो. माझ्या वडलांची गाठ आधी आटली, मग झपाट्यानं वाढली. डॉक्टरला विचारलं तर म्हणले, "डॉक्टर तुम्ही का मी?"

अंबाजोगाईचा रेसिडेंट डॉक्टर: दादा, ते उत्तर चुकीचंच होतं. पण अर्धंच वाचू नका. डॉक्सोरुबिसिन, ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी मरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रोटीन पृष्ठभागावर आणतात आणि रोगप्रतिकारक पेशींना त्या ओळखू येतात. म्हणजे गाठीभोवतीचं वातावरण बिघडतं तसं सुधारतंही. औषध कोणतं, डोस किती, यावर ते ठरतं.

भूमची लेक: पेशी-प्रोटीन राहू द्या. आमच्याकडं बाई दवाखान्यात पोचते तीच शेवटच्या स्टेजला. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, 2009 ला छापून आला. एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू, तपासलेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न केलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. त्या 64 जणींचं काय?

अंबाजोगाईचा रेसिडेंट: तुलनेला गट नसता तर तपासणीने जीव वाचतो हे कळलं कसं असतं? त्या गटाला नेहमीच्या सोयी होत्याच.

भूमची लेक: नेहमीच्या सोयी? आमच्या खेड्यात? माझी मावशी त्याच आजाराने गेली, अंगावरून जातंय हे सांगायलाच तिला वर्ष लागलं. आणि कळलं ना एकदा, मग आज माझ्या गावात ती तपासणी का नाही? आधी याचं उत्तर द्या!

अंबाजोगाईचा रेसिडेंट: याला माझ्याकडे उत्तर नाही. घरोघर व्हायला हवी होती, हे मान्य.

परंड्याचा पाटील: बघा, आमच्या जिवावर शिकायचं अन् आम्हालाच सांगायचं नाही. केमोचं तेच.

लातूरची सुनंदा: भांडण तुमचं रास्त आहे, दादा. पण माझ्या जावेची तारीख सोमवारी आहे. तिला घरी बसवू का?

परंड्याचा पाटील: तसं मी म्हणलो नाही. न्या तिला. उंदरावरनं घरी बसवू नका, एवढं मानतो. पण औषधाचं नाव विचारा, ते कशासाठी ते विचारा, अन् सांगेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. वडलांच्या बाबतीत मला अजून कुणी सांगितलेलं नाही.