मदत हवी आहे: वीरपत्नींचे हयातीचे दाखले आणि १६ डिसेंबरसाठी हॉल

नमस्कार मंडळी, आमचा देवळाली-भगूर भागातल्या माजी सैनिकांचा छोटा ग्रुप आहे, तोफखान्यातून रिटायर झालेले बरेच जण. सध्या खेड्यातल्या वीरपत्नींच्या पेन्शनचं बघतोय. स्पर्शवर (सैन्याच्या पेन्शनचं सरकारी पोर्टल) दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला की पेन्शन थांबते, आणि या माउल्यांच्या बोटांच्या रेषा शेतात राबून इतक्या झिजल्यात की मशीन ठसा घेतच नाही, एक आजी पदराला अंगठा पुसून पुसून परत लावत होत्या, बघवत नव्हतं हो. जीवन प्रमाण अ‍ॅप आणि आधार फेस आरडी टाकून चेहऱ्यावरून होतं, पण घरोघरी जायला माणसं कमी पडतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडचं कुणी चांगला कॅमेरावाला मोबाईल घेऊन रविवारी येईल का? आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर काय करता तेही सांगा.

दुसरं, १६ डिसेंबरला विजय दिवस, ७१ च्या लढाईतल्या आजोबांचा सत्कार करायचाय. सगळे सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखतात, म्हणून नाशिकरोडकडे तळमजल्यावरचा, जिना नसलेला हॉल हवाय. भाडं देऊ, फक्त परवडेल असं सांगा. माहिती असेल तर प्लीज कमेंट करा.